कुंडाचा वास

टेबलावरच्या ग्लासात ओढ्याचे पाणी होते, आणि त्या ग्लासाकडे पाहणे तिघेही टाळत होते. अण्णांनी चहा संपवून कप बशीत उलटा ठेवला, मग पुन्हा सरळ केला. त्यांचा मुलगा, ज्याला सारे गाव मिस्त्री म्हणे, थापीच्या पात्यावरचा वाळलेला चुना नखाने खरवडत बसला होता. मिस्त्रीची बायको, साऱ्या गावाची वहिनी, शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. दूध वर येण्याआधी जो बारीक आवाज करते, तो ती फार मन लावून ऐकत होती, जणू घरात ऐकण्याजोगे तेवढेच उरले होते.

ग्लास रोजचाच होता. सकाळी उठल्या उठल्या अण्णा काठी टेकत ओढ्यावर जात, ग्लास बुडवून भरत आणि खिडकीच्या उजेडात धरत. कित्येक महिने त्यांचा शेरा एकच असे, "काच कुठली आणि पाणी कुठलं, सांगा बघू." आज त्यांनी तो उजेडात धरलाच नाही. पाणी फिकट चहाच्या रंगाचे होते आणि तळाशी शेंदरी गाळ पातळ सायीसारखा बसू लागला होता.

"वरच्या अंगाला पाऊस झाला असेल," शेवटी मिस्त्री म्हणाला.

"झाला असेल," अण्णा म्हणाले.

पाऊस झाला नव्हता. आभाळ आठवडाभर घासलेल्या पातेल्यासारखे कोरडे होते, आणि हे तिघांनाही ठाऊक होते. वहिनीने दूध उतरवले. चटका बसलेला हात तिने पदरात लपवला.

डोंगराच्या पोटातली खाण बंद होऊन एक पिढी उलटली होती. माणसे वर आली, यंत्रे विकली गेली, बोगद्याच्या तोंडाला लोखंडी जाळी बसली. पाणी मात्र आतच राहिले. फोडलेला दगड चाटत ते अंधारात आंबले आणि जाळीतून तांबडे होऊन उतरले. वहिनीच्या शेताच्या कडेने वाहणारा ओढा त्याने हळूहळू रिकामा केला. आधी मासे गेले, मग बेडूक, मग काठची झुडपे, आणि मग माणसे. उतारावरच्या घरांना एकामागून एक कुलुपे लागली. उतारावर राहिले ते हे एकच घर. कारण अण्णांनी त्या बोगद्यात आयुष्यभर सुरुंग लावले होते आणि ज्या डोंगराने पोसले त्याला सोडून जाणे त्यांना जमत नव्हते. आणि कारण घराच्या वरच्या बाजूला वहिनीचा भाजीचा तुकडा होता. सासरी आल्यापासून ओंजळी-ओंजळीने खत घालून तिने तिथली माती काळी केली होती. ती माती गाडीत भरून नेता येणार नव्हती.

मिस्त्रीला शहरात कायमचे काम मिळत होते. नवराबायकोत साधा ठराव झाला होता: कुंड चालले तर राहायचे, नाही चालले तर निघायचे.

कुंड बांधले होते सरकारी खात्यातल्या पाणीवाल्या बाईंनी. मिस्त्रीने दगड रचले, अण्णांनी उतार दाखवला, आणि जमीन दिली ती घराने, शेताच्या खालच्या अंगाची. यंत्र नाही, वीज नाही. बोगद्याचे पाणी बंद नळातून एका खोल हौदात यायचे. हौदाच्या तळाशी चुनखडीचे दगड, त्यावर माणूसभर उंचीचा शेण, लाकडाचा भुसा आणि पेंढा यांचा थर, आणि त्यावर वीतभर पाणी. पाणी वरून खाली मुरत जायचे, चुनखडीतून निघून शेजारच्या उथळ तळ्यात यायचे, तिथे आपला गंज खाली टाकायचे आणि पाणकणसाच्या दाट बेटातून ओढ्यात उतरायचे. जाताना बाई एवढेच म्हणाल्या होत्या, "याला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी उघडायचं नाही."

आणि ते चालले. ओढ्यात शेवाळ आले, मग पाण्यावर पळणारे किडे, मग एका सकाळी अण्णांच्या ग्लासात एक बेडूकमासा. अण्णांनी तो खालच्या वस्तीत नातवंडासारखा मिरवून आणला.

एकच खोट होती. कुंडाला वास यायचा. सडक्या अंड्यांचा, दाट, कपड्यांत बसणारा वास. वारा पडला की तो खालच्या वस्तीत उतरायचा आणि जेवायला बसलेल्या माणसांच्या ताटाशी जाऊन उभा राहायचा. गिरणीच्या रांगेत वहिनी उभी राहिली की पुढच्या बाईची पाठ किंचित पुढे सरके. दुकानदार सुटे पैसे तिच्या हातात न देता फळीवर टाकी. "आली बघ अंडीवाली," असे कोणी तरी म्हणे आणि हसू दाबल्याचा आवाज येई. वहिनी दोनदा न्हायची, केस धुण्याच्या साबणाने हात धुवायची, आणि रात्री स्वतःचेच मनगट हुंगत पडायची.

सर्वांत पुढे होती धुणेवाली मावशी. ओढा तांबडा झाल्यापासून ती वस्तीच्या टोकाच्या नळावर कपड्यांची गाठोडी डोक्यावरून नेत आली होती. तिची मान त्या ओझ्याने एका बाजूला कलली होती. यंदा पाणी निवळले तेव्हा ती आपल्या जुन्या दगडावर परतली. पण नाकाला रुमाल बांधून. "पाणी गोड केलंत ते खरं," ती म्हणायची, "पण ही मोरी माझ्या उशाशी कशाला आणून ठेवलीत?"

म्हणून एका दुपारी, मिस्त्री कामावर आणि अण्णा झोपेत असताना, वहिनीने दाताळे उचलले. भाजीच्या खड्ड्यातले खत वास मारू लागले की ती ते उलथे. हवा लागली की वास जाई, खत गोड होई. शेणाला काय हवे ते तिला लहानपणापासून कळत होते. तिने खालची झडप उघडून पाणी उतरवले, कमरेपर्यंत त्या काळ्या थरात उतरली, आणि खांदे भरून येईपर्यंत तो खालीवर करत राहिली. संध्याकाळी वास गेला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीत एका बाईने सरकून तिला बाकावर जागा दिली. मावशीने रुमाल सोडला आणि म्हणाली, "आज श्वास घेतल्यासारखं वाटलं गं पोरी." ते शब्द वहिनीने घरापर्यंत ओच्यात बांधून आणल्यासारखे आणले. सांगितले मात्र कुणालाच नाही.

आणि आज हा ग्लास.

दुपारी मावशी अंगणात आली. तिच्यामागे वस्तीतली दहा-बारा माणसे होती. तिने डोक्यावरची टोपली उतरवली आणि अंगणाच्या मधोमध पालथी केली. दवाखान्याचे पांढरे कोट होते ते. पाठीवर, बाह्यांवर, खिशांच्या कडांवर शेंदरी डाग पडले होते, जणू कोणी गंजलेल्या हातांनी त्यांना कवटाळले होते.

"डॉक्टरांना काय सांगू?" मावशी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. "रोगी मेला म्हणून सांगू?"

 अण्णांनी घसा खाकरला. खाकरण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ चालला. तो संपेपर्यंत सगळे थांबले.

"कुंड नवीन आहे," मिस्त्री म्हणाला. "बाईंना निरोप धाडतो. वरून पाणी जास्त आलं असेल..."

"वरून काही आलं नाही," वहिनी म्हणाली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले.

"मी उलथलं ते. दाताळ्यानं. पाणी उतरवून सगळा थर खालीवर केला." ती मावशीकडे पाहून बोलत होती, कारण नवऱ्याकडे पाहून ते बोलता आले नसते. "वास जावा म्हणून."

अंगणात पसरलेल्या कोटांवर एक माशी बसली, उठली. मागून कोणी तरी म्हणाले, "म्हणजे घरच्यांनीच." दुसरा म्हणाला, "असलं नाजूक प्रकरण हवंय कशाला? उद्या पुन्हा कोणी हात लावेल. बुजवून टाका."

"बुजवाच," मावशी म्हणाली. "तांबडं तर तांबडं. निदान ठाऊक असतं की तांबडं आहे. आज पांढरं, उद्या तांबडं, हे मला परवडत नाही."

अण्णा काठीवर भार देऊन उठले. "मावशी, एकदा दुरुस्त करू द्या. एकदाच."

मावशी वाकून कोट गोळा करू लागली. करता करता म्हणाली, "पाणकणसाला तुरे येईपर्यंत. त्या दिवशी माझी पांढरी चादर ओढ्यात बांधायची, रात्रभर. पिवळा ठिपका जरी दिसला तरी फावडी मी घेऊन येईन." आणि ओढ्यावर जाऊन तिने आपल्या दगडावरची साबणाची वडी उचलली, तो दगड पायाने पालथा केला आणि नळाच्या वाटेला लागली.

त्या रात्री मिस्त्रीने आपली हत्यारे पेटीत भरली. ओळंबा, गुण्या, थापी, प्रत्येकाला तेलाचे बोट लावून. पाणकणीस फुलायची वाट त्याला पाहायचीच नव्हती असे वहिनीला वाटले. ती अंथरुणावर उठून बसली.

"बोला ना काही."

"मला सांगितलं असतंस तर."

"तर काय केलं असतंत?"

 पेटीचे झाकण त्याने हलकेच टेकवले. "दुसरं दाताळं घेऊन आलो असतो," तो म्हणाला. "मलाही तेच ठाऊक होतं ना, हवा लागली की वास जातो." त्यानंतर तो हसला नाही, पण झोपताना पेटी त्याने पलंगाखाली ढकलून दिली.

पाणीवाल्या बाई दोन दिवसांनी आल्या. बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या सरळ हौदात उतरल्या, मिस्त्रीकडून पाणी उतरवून एका कोपऱ्यातला थर उपसून घेतला आणि तळातून एक दगड वर काढला. पांढरी चुनखडी आता केशरी कवचात बंद झाली होती. बाईंनी हातोडीने ते कवच फोडले. आत दगड जसाच्या तसा पांढरा होता.

"हे बघा. दगड जिवंत आहे, पण पाण्यापर्यंत पोचत नाही. हवा शिरली, लोखंड इथेच गंजलं आणि दगडावर बसलं."

वहिनी काठावर उभी होती. "शेण उलथलं तर गोड होतं, बाई. आम्ही जन्मभर तेच करतो."

"तुमच्या खड्ड्यात ते बरोबरच आहे. तिथले जिवाणू हवा मागतात. इथले निराळे आहेत, त्यांना हवा लागली की मरतात. ते अंधारात बसून पाण्यातला आंबटपणा खातात, आणि खाऊन झालं की..." 

"ढेकर देतात," अण्णा काठावरून म्हणाले.

"अगदी तेच. तो वास म्हणजे त्यांचा ढेकर."

"मग आपण पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि ढेकर दिला म्हणून हाकलून दिलं की."

बाई हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. वहिनीकडे वळून त्या म्हणाल्या, "मी हात लावू नका म्हणाले. का, ते सांगायला हवं होतं. यात माझीही चूक आहे." वहिनीने मान हलवली. तिला क्षमा नको होती. तिला तारेचा ब्रश हवा होता.

मग दिवस एकमेकांत मिसळले. सारा थर उपसून काठावर काढायचा होता, दगड एकेक करून वर घ्यायचे होते, घासायचे होते. काळा चिखल मांड्यांना गार लागे आणि वर आल्यावर उन्हात ताणून तडके. तारेचे टोक अंगठ्याच्या मुळाशी घुसे. केशरी भुकटी नखांत, पापण्यांत, थुंकीत उतरली. मिस्त्री दुपारपर्यंत दुसऱ्याच्या भिंती रची आणि दुपारनंतर इथे येऊन दगड पुन्हा मांडी. भिंत बांधताना बसवी तसाच, प्रत्येक दगड हातात फिरवून, त्याचे तोंड पाहून. अण्णा घमेल्याजवळ बसून चुनखडीचे मोठे गोटे फोडत. सुरुंगाने डोंगर फोडणारा माणूस आता हातोडीने मुठीएवढे तुकडे करत होता, आणि प्रत्येक घावानंतर एका श्वासापुरता थांबत होता.

"अण्णा, जरा टेका ना," वहिनी म्हणाली.

"सूनबाई, आयुष्यभर मी डोंगर उघडत आलो. बंद करायचं काम पहिल्यांदाच मिळालंय. टेकायला सांगू नकोस."

वखारीतून भुसा आणायला ती हातगाडी घेऊन गेली तेव्हा वखारवाल्याने विचारले, "अंडी उबवायला नेताय की काय?" ती म्हणाली, "हो, आणि यंदा पिल्लं बाहेर काढणार आहे." वखारवाला पाहत राहिला आणि मग त्याने स्वतः दोन पाट्या जास्त भरल्या. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ केशरी होऊन उतरत होता. तिला त्याची लाज वाटली नाही. ती कधी संपली हे तिला आठवत नव्हते.

भुसा, शेण आणि पेंढा यांचा नवा थर तिनेच पसरला. शेवटची पाटी ओतल्यावर ती त्यावर अनवाणी चालली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पायाखाली हवेची एकही पोकळी राहू नये म्हणून. मग मिस्त्रीने नळ सोडला. तांबडे पाणी आले, पसरले, थराने ते प्यायले, आणि वर वीतभर थांबून राहिले. वहिनीने दाताळे नेऊन माळ्यावर टाकले आणि शिडी काढून घेतली.

"आता?" मिस्त्री म्हणाला.

"आता काही नाही," ती म्हणाली. "काही न करायचंच काम आहे."

ते काम सर्वांत अवघड निघाले. ग्लास चहाच्या रंगाचाच राहिला. तळ्याकाठी पाणकणसाची पाती उंच झाली, त्यांच्या पोटात जाड कोंब दिसू लागले. वहिनी भाजीला पाणी घालताना श्वास खोल घेई: ओली माती, वेलाचा हिरवट वास, दूरचा धूर. आणखी काही नाही. जो वास अंगावरून निघावा म्हणून तिने कातडी घासून काढली होती, त्याची ती आता माहेरच्या पत्रासारखी वाट पाहत होती.

तो आला एका ढगाळ सकाळी. ती कपडे वाळत घालत होती. आधी तिला भास वाटला. मग वारा पडला, आणि कुंडाच्या दिशेकडून ती दाट, कुजकी, अंड्यांची लाट अंगणात शिरली आणि ओल्या कपड्यांना बिलगली. वहिनीच्या हातातला चिमटा पडला. ती कुंडाच्या काठावर धावली, गुडघ्यांवर बसली आणि तोंड पाण्याजवळ नेऊन छाती भरून तो वास घेतला. डोळ्यांत पाणी आले, ते वासाचे की कशाचे हे तिने तपासले नाही.

"अण्णा," तिने हाक मारली. "पाहुणे जेवले."

अण्णा दारात आले, नाक वर करून हुंगले, आणि त्यांनी काठी बंदुकीसारखी खांद्यावर टाकली. मिस्त्री गच्चीवर उभा राहून नाक दाबून हसत होता; किती तरी दिवसांनी त्याचे हसणे ऐकू आले. खालच्या वस्तीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. त्या आवाजाने वहिनीला टाळ्यांची आठवण झाली.

ग्लास निवळत गेला. आधी चहा, मग लिंबाचे पाणी, मग काहीच नाही. तळ्यात मात्र गंज साय धरून बसत होता. मिस्त्रीने तो वाळवून चुन्यात कालवला आणि घराची पुढची भिंत विटकरी केली. लोक आधी "गंजलेलं घर" म्हणाले. मग एका संध्याकाळी दुकानदार बादली घेऊन आला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "त्यातला थोडा रंग उरला असेल तर."

पाणकणसाला तुरे आले त्या दिवशी निरोप धाडावा लागला नाही. उन्हे कलताना मावशी आपणहून आली. काखेत चादर, नाकाला रुमाल. चादर नवी होती, दुधासारखी. तिने मुद्दाम नवी आणली होती. एक टोक तिने काठच्या खुंटाला बांधले, दुसरे मिस्त्रीने समोरच्या. पाणी मधोमध फुगले आणि चादर ओढ्याभर पसरली. वहिनी पाहत राहिली. इतका पांढरा रंग त्या पाण्याने तिच्या देखत कधी अंगावर घेतला नव्हता.

सकाळी ओढ्यावर वस्ती जमली. काहींनी खरोखरच फावडी आणली होती. बाईही आल्या होत्या आणि सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. मावशीने गाठ सोडली, चादर ओढून घेतली, पिळली नाही. दोन्ही हातांनी ती उन्हाकडे उचलली. पाणी तिच्या कोपरांवरून टपकत राहिले. तिने एक कड पाहिली, दुसरी पाहिली, मधली शिवण नखाने उलगडून पाहिली, कारण डाग आधी शिवणीत बसतो हे तिला ठाऊक होते. मग तिने नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि चादरीत तोंड खुपसले.

 पाणकणसाचे तुरे एकमेकांवर घासत होते तेवढाच आवाज.

तिने तोंड वर काढले तेव्हा चादर वहिनीच्या दिशेने धरलेली होती. उन्हात ती इतकी पांढरी होती की वहिनीला डोळे बारीक करावे लागले. कुठेही काही नव्हते. एका कोपऱ्यात, ओल्या कापडाला चिकटून, एक बेडूकमासा शेपूट हलवत होता. मावशीने तो दोन बोटांनी अलगद सोडवला आणि पाण्यात टाकला.

माणसांत कुजबूज उठली, मग कोणी तरी हसले, मग सगळेच एकदम बोलू लागले. कोणाच्या तरी खांद्यावरचे फावडे गवतात पडले आणि उचलायला कोणी वाकले नाही. मिस्त्रीचा हात वहिनीच्या पाठीवर आला, चुन्याने खरखरीत झालेला, आणि तिथेच राहिला. पेटीचे काय, हे आता विचारायची गरज उरली नव्हती.

 मावशीने चादर काठच्या झुडपावर पसरली, चारी कोपरे ताणले. मग ती पाण्यात उतरली, आपला पालथा दगड दोन्ही हातांनी उचलून सरळ केला, पावलाने दाबून घट्ट बसवला आणि कमरेची साबणाची वडी काढून त्यावर ठेवली.

"काय मावशी," अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खट्याळपणा आणि पाणी एकत्रच आले होते. "वास येतोय का हो अजून?"

मावशीने रुमालाची घडी केली, ती खोचली, आणि मान थोडी कललेली तशीच ठेवून, उघड्या नाकाने, कुंडाच्या काठाकाठाने गाठोडी आणायला घराकडे निघून गेली.